ढोलाएवढा ड्रॉप: घरच्या खोलीत भरीव आणि घोटीव इलेक्ट्रॉनिक आवाज घडवताना

नाशिकच्या वाकडी बारवेपासून निघालेली गणपतीची मिरवणूक मेनरोडच्या अरुंद रस्त्यात शिरली की पथक दिसायच्या आधीच छातीत ढोल वाजू लागतो. तो एवढा मोठा का वाटतो, हे लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने एकदा नीट ऐकावं. खाली ढोल, वर ताशा, अगदी टोकाला झांज, आणि मधला पट्टा जवळजवळ मोकळा. दोन ठोक्यांच्या मध्ये खरीखुरी शांतता असते. पन्नास ढोल एकाच क्षणी पडत नाहीत, काही मिलिसेकंद पुढेमागे पडतात, म्हणून आवाज रुंद होतो. आणि ताशा एकटा कडकडत असताना ढोल थांबलेले असतात, म्हणून ते पुन्हा पडले की हादरा बसतो.

घरच्या ट्रॅकमध्ये बहुधा याच्या उलट घडतं. ड्रॉप, म्हणजे चढण संपून किक आणि बेस एकदम कोसळतात तो भाग, बारीक वाटला की एक सिंथ (सिंथेसायझर) वाढवला जातो, तरी बारीक वाटला की आणखी एक, आणि शेवटी लिमिटर (शिखरं दाबून आवाज जोरात करणारं सॉफ्टवेअर) कानाला धरून ओढला जातो. आवाज जोरात होतो, मोठा मात्र होत नाही. मोठेपणा जागेतून आणि फरकातून येतो. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे. उदाहरणासाठी एक ट्रॅक धरू: १२८ बीपीएम (मिनिटाला ठोके), स्वर पांढरी पाच, म्हणजे जी मायनर, चार ठोके किकचे (बास ड्रमचे) आणि ड्रॉपमध्ये नाशिक ढोल.

आधी खोली, मग प्लगिन

सिडको, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम १० बाय १२ फुटांची, उंची दहाच्या जवळपास. बारा फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झची लाट अडकून घुमते, दहा फुटांत ५६ची. रुंदी आणि उंची सारखी असेल तर ५६वर दोन्हींची भर पडते. आपल्या बेसचा मूळ स्वर, खालच्या सप्तकातला जी, ४९ हर्ट्झवर आहे. म्हणजे खुर्ची मागच्या भिंतीला टेकली की तो स्वर राक्षसासारखा घुमणार आणि खुर्ची लांबीच्या बरोबर मध्ये असली की गायब होणार. पहिल्या जागी बसणारा बेस कमी करतो आणि त्याचा ट्रॅक बाहेर पोकळ वाजतो. दुसऱ्या जागी बसणारा बेस चढवत राहतो आणि गाडीत त्याचं सगळं गाणं गढूळ होतं. दोघांचेही कान चांगलेच असतात, फसवते ती खोली.

उपाय महागडे नाहीत. स्पीकर लांबीच्या दिशेने तोंड करून लावा, म्हणजे आखूड भिंतीपाशी. डोकं समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवा. बारा फुटांत ते सुमारे साडेचार फूट होतं. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर देणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला. डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी बाल्कनी असेल तर आवाज कायम एका कुशीवर झोपलेला ऐकू येतो.

भिंतींसाठी अंड्यांचे ट्रे आणि बोटभर जाडीचा काळा फोम विसरा. ते फक्त वरचा चकचकाट खातात आणि खालची घूम तशीच ठेवतात, त्यामुळे खोली आणखी डबा होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भट्ट्यांना आणि पाइपांना गुंडाळायला रॉकवूल लागतं. इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या, ५० मिलिमीटर जाडीच्या पाट्या मागा. दोन पाट्या एकावर एक ठेवून चार इंच जाडी करा, सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या आणि वरून मांजरपाट ताणून शिवा. कापड फुंकर आरपार जाईल असंच हवं, रेक्झिन चालणार नाही. असे सहा पॅनल पुरतात: दोन बाजूंच्या भिंतींवर जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथे, दोन मागच्या भिंतीवर आणि दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरके. भिंतीपासून चार इंच मोकळी जागा सोडली की तेवढंच साहित्य आणखी खालपर्यंत काम करतं. भरताना हातमोजे आणि मास्क घाला, त्याचे तंतू कातडीला दोन दिवस खाजवतात. हे जमत नसेल तर मागच्या भिंतीला गादी उभी करा. दिसायला वाईट, पण फोमपेक्षा बरी.

ऐकायची पातळी ठरवून घ्या. स्पीकर सुरू असताना शेजारी बसलेल्याशी थोडासा आवाज चढवून बोलता आलं पाहिजे, म्हणजे अंदाजे ७५ डीबी. याहून जोरात ऐकलं की कानाला खालचा आणि वरचा पट्टा जास्त वाटतो आणि कुठलंही मिक्स चांगलं भासतं. निवासी भागाची कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी आहे, तीही घराबाहेर मोजलेली. तेव्हा रात्री दहानंतर हेडफोन घाला. पण बेसचा शेवटचा निर्णय हेडफोनवर घेऊ नका.

ढोल रेकॉर्ड करताना

बाजारातल्या सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) ढोल मिळतो, पण तो आधीच इतका दाबलेला आणि रिव्हर्बमध्ये, म्हणजे कृत्रिम घुमण्यात, बुडवलेला असतो की त्याला मिक्समध्ये वळवता येत नाही. नाशिकमध्ये राहून ढोलासाठी पॅक उतरवायचा म्हणजे द्राक्षं डब्यातली खाण्यासारखं आहे. सरावाच्या दिवसांत पथकातल्या एका वादकाला विचारा आणि एकच ढोल घ्या.

छोट्या खोलीत ढोल वाजवू नका, तिची घूम त्या आवाजाला कायमची चिकटते. मोकळं मैदान किंवा गंगापूर धरणाच्या रस्त्याकडचा माळ उत्तम. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, माइकला फोमची टोपी घालून. दोन डायनॅमिक माइक पुरे. टिपरू पडतं त्या पानापासून वीतभर अंतरावर एसएम५७सारखा, थोडा तिरका. हाताची थाप पडते त्या बाजूला खालचे स्वर पकडणारा, डी११२ किंवा बीटा ५२ए जातीचा. एक पान आत दबतं तेव्हा दुसरं बाहेर फुगतं, म्हणून दोन माइकांच्या लाटा एकमेकींच्या उलट येतात. एका चॅनेलची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवा. उलटवल्यावर ठोका जाड झाला तर ठेवा, पातळ झाला तर परत फिरवा. हे न करताच ‘ढोलात दम नाही’ म्हणून दहा डीबी बेस चढवणारे पुष्कळ भेटतात.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, सगळ्यात जोराचा ठोका −१२ डीबीच्या आसपास आणा. इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवर) पॅडचं, म्हणजे आत येणारा आवाज कमी करणारं, बटण असेल तर दाबा. फोनवर रेकॉर्ड करायची वेळ आली तर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर प्रत्येक ठोक्यानंतर आजूबाजूचे कावळे ढोलाएवढे मोठे होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. एकाच ठेक्याचे पाच-सहा वेगवेगळे टेक घ्या. एकच टेक सहा वेळा कॉपी केला तर पथक तयार होत नाही. दोन तंतोतंत कॉप्या मिळून फक्त ६ डीबी जास्त आवाज मिळतो, जो फेडर (पातळीची सरकपट्टी) वर करूनही मिळाला असता. वेगळे टेक मात्र नैसर्गिकपणे ५ ते २० मिलिसेकंद इकडेतिकडे असतात आणि त्यातूनच घोळका ऐकू येतो. क्वांटाइझ, म्हणजे ठोके ग्रिडच्या रेघांवर ओढणं, शंभर टक्के करू नका. ५० ते ६० टक्के ओढलं की ठेका किकशी जुळतो आणि माणसंही शिल्लक राहतात.

एक ठोका भिंगाखाली: किक, ढोल आणि बेस

इथेच वेळ घालवा, कारण ड्रॉपचा ऐंशी टक्के आकार इथे ठरतो. बाकीचं चुकलं तर सुधारता येतं.

१२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो. बेस ऑफबीटला, म्हणजे दोन किकच्या बरोबर मध्ये, २३४व्या मिलिसेकंदाला येतो. तेव्हा किकची शेपटी २२० मिलिसेकंदांच्या आत संपली पाहिजे. सॅम्पलमधली किक ४०० मिलिसेकंद घुमत असेल तर तिच्या शेपटीला फेड द्या. एकटी ऐकताना ती लंगडी वाटेल, ट्रॅकमध्ये ती धारदार होईल. किकचा खालचा स्वर ट्यूनरवर बघा आणि ४९ हर्ट्झवर बसेल इतकी पिच हलवा. दोन-तीन सेमिटोनपेक्षा जास्त हलवावी लागत असेल तर दुसरी किक निवडा, कारण ओढाताणीत वरचा टकटकाट बिघडतो.

मग ढोल. त्याच्या मोठ्या पानाचा गाभा बहुतेक वेळा ७० ते ११० हर्ट्झमध्ये सापडतो. ॲनलायझर लावून नेमका कुठे आहे ते पाहा. समजा तो ९०वर आहे. खालचं राज्य किकचं, मधली पायरी ढोलाची, अशी वाटणी करा:

- खालच्या पट्ट्यासाठी फक्त एक टेक वापरा, मधोमध, मोनो. त्याला ७० हर्ट्झवर १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर).
- बाकीच्या टेक्सना २०० हर्ट्झच्या खाली कापा आणि डावी-उजवीकडे पसरवा. त्यांच्यात फक्त टिपऱ्याचा आणि थापेचा आवाज उरतो.
- किकमध्ये ९०वर २ ते ३ डीबीची अरुंद घट.
- ढोलाची घूम लांबत असेल तर ट्रान्झियंट शेपरने (ठोक्याचं टोक आणि शेपटी वेगवेगळी वळवणाऱ्या प्लगिनने) सस्टेन, म्हणजे शेपटी, ३० ते ४० टक्के खाली.

किक आणि तो मधला ढोल एकाच क्षणी पडतात तिथे लाट मोठी करून पाहा. ५० हर्ट्झचं एक पूर्ण वळण २० मिलिसेकंदांचं असतं. किकची लाट वर जाताना ढोलाची खाली जात असेल तर दोघं मिळून एकट्या किकपेक्षाही बारीक वाजतात. आधी पोलॅरिटी उलटवून बघा, मग ढोल एकेक मिलिसेकंद मागेपुढे सरकवा. तीन-चार मिलिसेकंदांतच एक जागा अशी सापडते की मीटर न हलता छातीत ठोका बसतो. ती सापडली की तो ढोल तिथेच पक्का करून ऑडिओ फाइल म्हणून काढून घ्या.

ताशाला वेगळा न्याय द्या. त्याची कडकड आणि हाय-हॅटची सळसळ एकाच पट्ट्यात भांडतात. ताशा वाजतो त्या बारमध्ये (चार ठोक्यांच्या आवर्तनात) हाय-हॅट काढून टाका. ईक्यूने (पट्ट्यागणिक आवाज कमीजास्त करणाऱ्या साधनाने) दोघांना सांभाळत बसण्यापेक्षा म्यूटचं बटण नेहमी स्वस्त पडतं. ताशा टोचत असेल तर ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये डायनॅमिक ईक्यू, जास्तीत जास्त ३ डीबी.

बेस दोन भागांत करा. सब म्हणजे शुद्ध साइन, मोनो, ४९ हर्ट्झचा जी. वर मिड-बेस: सॉ (करवतीच्या दातांसारखी लाट) किंवा एफएम पद्धतीचा आवाज, ११० हर्ट्झच्या खाली कापलेला, डिस्टॉर्शन लावलेला, आणि रुंदी द्यायचीच तर ती ३०० हर्ट्झच्या वरच. सबचा मूळ स्वर फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. सबला थोडं सॅच्युरेशन दिलं की ९८, १४७, १९६, २४५ हर्ट्झचे त्याचे पडसाद तयार होतात आणि ते ऐकून कान खालचा स्वर स्वतःच मनात भरतो. पडसाद चढवायचे किती? सब म्यूट केला की काहीतरी गेल्यासारखं फोनवर वाटलं पाहिजे, एवढेच.

किक पडताना सब खाली दाबायला साइडचेन कंप्रेसरऐवजी शक्यतो व्हॉल्यूमची वक्ररेषा काढणारं साधन वापरा. सब १० ते १२ डीबी खाली जाऊ दे आणि २२० मिलिसेकंदांच्या आसपास पूर्ण वर येऊ दे. खाली जाण्याचा वेग शून्य ठेवला की साइनमध्ये ‘टिक्’ ऐकू येतं. एक-दोन मिलिसेकंदांचा उतार द्या, टिक् जाते. ढोलाचा मधला टेकही याच वक्रात बांधायचा मोह आवरा, तो किकबरोबर पडण्यासाठीच आहे. सबच्या ऑसिलेटरचा फेज प्रत्येक स्वराला शून्यापासून सुरू होईल असं ठेवा, नाहीतर एक ठोका जाड आणि पुढचा पातळ असं उगाच होत राहतं आणि कारण सापडत नाही.

या स्वरात एक खोडी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. रेकॉर्डिंगमध्ये अर्थिंग नीट नसल्यामुळे हम शिरला असेल तर ५० आणि आपला ४९ मिळून सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. सबमध्ये असा संथ झोका ऐकू आला तर सिंथला दोष देऊ नका. रेकॉर्ड केलेला प्रत्येक ट्रॅक एकेक म्यूट करून हम कुठून येतो ते शोधा, त्याला हाय-पास लावा, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, अर्थ असलेल्या पिनने जोडा.

कॉर्डची भिंत

इलेक्ट्रॉनिक संगीतातली ती ओळखीची रुंद भिंत सुपरसॉची. रोलंडच्या जेपी-८००० या १९९६ सालच्या सिंथने तो आवाज आणला: किंचित बेसूर केलेले सात सॉ-ऑसिलेटर. आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर सिंथमध्ये तो आहे, म्हणून तो खराब करायची सोयही सगळ्यांकडे आहे.

आठ सुपरसॉ एकावर एक चढवू नका, तीनच थर घ्या आणि प्रत्येकाला एकच काम द्या. पहिला थर मधला कणा: एक साधा सॉ किंवा स्क्वेअर, मोनो, झटकन सुरू होणारा, स्वर ओळखू येईल एवढा. दुसरा थर रुंदी: सात आवाजांचा सुपरसॉ, डिट्यून (बेसूरपणा) एकूण १५ ते २५ सेंट (सेमिटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), स्टिरिओभर पसरलेला. डिट्यून याहून वाढवलं की एकटं ऐकताना स्वर्ग वाटतो आणि मिक्समध्ये स्वर नेमका कुठला तेच कळत नाही. तिसरा थर हवा: एक सप्तक वर, २ किलोहर्ट्झच्या खाली सगळं कापलेलं, थोडा नॉइज मिसळून, आणि इतका हळू की म्यूट केल्यावरच तो होता हे कळावं.

स्वर मांडतानाही खालची जागा सोडा. जी मायनरचे स्वर पांढरी पाच, काळी पाच आणि पांढरी दोन. खाली तिन्ही जवळजवळ दाबले की चिखल होतो, मग कुठलाही ईक्यू तो उपसू शकत नाही. पांढरी पाच बेसकडे द्या, त्यावर पांढरी दोन, आणि काळी पाच २०० हर्ट्झच्या वरच्या सप्तकात. पेटीवर डाव्या हाताने खालची तिन्ही बटणं एकत्र दाबली की कसं गुरगुरतं, तेच इथेही होतं.

तिन्ही थर एका बसमध्ये, म्हणजे एकत्रित चॅनेलमध्ये, आणा. १६० हर्ट्झवर हाय-पास. २५० ते ३५०मध्ये २ ते ३ डीबी रुंद घट, कारण बेसचे पडसाद, कॉर्ड आणि ढोलाची थाप तिघंही तिथेच दाटतात. किकच्या साइडचेनने ३ ते ४ डीबी खाली. सबएवढं खोल खड्ड्यात ढकललं तर कॉर्ड प्रत्येक ठोक्याला धापा टाकू लागते, ते मुद्दाम हवं असेल तरच करा.

रुंदीसाठी डावीकडचा आवाज १० मिलिसेकंद उशिरा करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. मोनोमध्ये तिची किंमत मोजावी लागते. १० मिलिसेकंदांच्या उशिरामुळे ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे दात पडतात, कंगव्यासारखे. मिरवणुकीतला साउंड बहुतेकदा मोनोच चालतो. डीजेच्या गाडीवर तुमची भिंत अचानक पत्र्याची होते ती यामुळे. रुंद हवं तर तोच आवाज दुसऱ्या पॅचमधून पुन्हा वाजवून घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ढोलाच्या टेक्सना लावलेला नियमच इथेही.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर, मोनोचं बटण कायम ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी दाबा. कॉर्ड दोन डीबीने बसली तर चालेल, नाहीशी झाली तर दुसऱ्या थराची रुंदी कमी करा.

रिव्हर्बबद्दल थोडक्यात. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा नको, दोन सेंड (सगळ्या ट्रॅकना सामायिक चॅनेल) पुरे: एक अर्ध्या सेकंदाचा, एक अडीच सेकंदांचा. लांबच्याला २९ मिलिसेकंद प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) द्या, आपल्या बीपीएमला ते बारचा एक चौसष्टांश बसतं. दोन्हींच्या आत ३०० हर्ट्झच्या खाली आणि ८ किलोहर्ट्झच्या वर कापा. किक आणि सबला रिव्हर्ब नाही. ढोलाला फक्त आखूड, तोही २०० हर्ट्झच्या खाली कापलेल्या टेक्सना.

ड्रॉपच्या आधीचं

ड्रॉप लहान वाटतो याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे त्याच्या आधीचा बिल्डअप, म्हणजे चढत जाणारा भाग, ड्रॉपएवढाच मोठा असतो. मीटर बघा. दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला तर मास्टरिंगमध्ये कितीही झटलात तरी काही होणार नाही.

बिल्डअपच्या शेवटच्या आठ बारमध्ये, म्हणजे पंधरा सेकंदांत, चार गोष्टी हळूहळू करा. ड्रम सोडून सगळ्या बसवर हाय-पास ३० हर्ट्झवरून १५०वर न्या. स्टिरिओची रुंदी १०० टक्क्यांवरून ६०वर आणा. एकूण पातळी दीड डीबी खाली ओढा, इतकी सावकाश की कोणाला कळू नये. आणि लांब रिव्हर्ब वाढवत न्या, मग ड्रॉपच्या अर्धा ठोका आधी तो कापून टाका. त्या अर्ध्या ठोक्यात काहीही नको, सायरनसुद्धा नको. फार तर ताशाची एक काडी.

ड्रॉपच्या पहिल्या ठोक्याला पातळी, रुंदी आणि खालचा पट्टा तिन्ही एकदम परत येतात. एवढ्यावरही पहिल्या आठ बारमध्ये सगळे पत्ते टाकू नका. किक, बेस, कॉर्ड द्या, आणि ढोलांचा घोळका नवव्या बारला उतरवा. तो उतरताना तिसरा थर, म्हणजे हवा, चार बारसाठी बंद ठेवली की वर झांजेला जागा मिळते.

पातळ्या, मास्टर आणि फाइल

सगळे फेडर खाली आणा. किक −१० डीबीच्या शिखरावर ठेवा आणि बाकी सगळं तिच्याभोवती चढवा: सब, मधला ढोल, कॉर्डचा कणा, मग पसरलेले टेक, मग हवा. सगळं मिळून मास्टरचं शिखर −६च्या आसपास असावं. प्रोग्रॅमच्या आत ३२ बिट फ्लोट असल्यामुळे लाल दिवा लागला तरी लगेच काही फुटत नाही. पण काही प्लगिनना आत आलेली पातळी महत्त्वाची असते आणि २४ बिटची फाइल काढताना जे शून्याच्या वर गेलं ते कायमचं कापलं जातं.

तुलनेसाठी एक आवडता ट्रॅक प्रोजेक्टमध्ये टाका, मास्टरच्या प्रक्रियेला वगळून. तो −८ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या लाउडनेसचं माप) असेल आणि आपलं मिक्स −१८ला, तर त्याला १० डीबी खाली ओढा. न ओढता केलेली तुलना म्हणजे जोराच्या आवाजाला दिलेलं मत.

मास्टरवर क्रम असा: ईक्यू, कंप्रेसर, क्लिपर, लिमिटर. ईक्यूमध्ये एक-दीड डीबीपेक्षा जास्त हात लावावासा वाटला तर मिक्समध्ये परत जा. कंप्रेसर २:१, अटॅक ३० मिलिसेकंद म्हणजे ठोक्याचं टोक सुटून जाईल, सुई एक ते दोन डीबी हलेल इतकंच. सॉफ्ट क्लिपर फक्त किक-ढोलाची टोकं छाटायला, दीड-दोन डीबी. मग लिमिटर २ ते ३ डीबी, कमाल मर्यादा −१ डीबी ट्रू-पीक, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर उडतात. लिमिटर दर किकला ४ डीबीच्या वर खाली जात असेल तर तो ओरडून सांगतोय की सब जास्त आहे. सब एक डीबी कमी करा आणि पाहा, त्याच लाउडनेसला ट्रॅक मोकळा होतो. ड्रॉपमध्ये −८ ते −९ एलयूएफएस हे क्लबसाठी भरपूर आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ एलयूएफएसला आणून वाजवतं, म्हणजे −६ला कुटलेला ट्रॅक तिथे आठ डीबी खाली जातो आणि कुटताना गेलेली ठोक्यांची टोकं काही परत येत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये दुपारी लॅपटॉप तापला की वेग आपोआप उतरतो आणि आवाज तुटू लागतो. ढोलाचे आणि सुपरसॉचे ट्रॅक फ्रीझ करा (आवाज फाइलमध्ये पक्का करा), मिक्स करताना बफर १०२४ सॅम्पल ठेवा.

तपासणी तीन ठिकाणी करा: फोनचा स्पीकर, कोणाची तरी गाडी, आणि शक्य झालं तर मंडपातला साउंड, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. फोनवर बेसची चाल गुणगुणता आली पाहिजे. गाडीत दारं खडखडली तर १००च्या आसपास ढोल एक डीबी जास्त आहे. मंडपात कॉर्ड हरवली तर मोनोचं बटण पुरेसं दाबलं गेलं नव्हतं.

शेवटी दोन फाइली काढा. स्ट्रीमिंगसाठी २४ बिट वेव्ह, जशी आहे तशी. डीजेला देण्यासाठी वेगळी: सुरुवातीला आणि शेवटी सोळा-सोळा बार नुसता ठेका, १२० हर्ट्झच्या खाली पक्का मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक खरखराट) एकदाच आणि सगळ्यात शेवटी. फाइलच्या नावात बीपीएम आणि स्वर लिहा. रविवार कारंजाच्या गर्दीत, घामेजल्या बोटांनी पेन ड्राइव्ह चाळणाऱ्याला ‘फायनल_नवीन_खरंच फायनल’ यातून काहीही कळत नाही.